कॅमेऱ्यापुढे मी, कॅमेऱ्यामागेही मीच: एका गाण्याच्या व्हिडिओच्या नोंदी

८ जानेवारी

गाणं मास्टर होऊन (शेवटची पक्की ध्वनिफाइल बनून) हातात आलं. लांबी ३ मिनिटं २८ सेकंद, ठेका ७५ बीपीएम (मिनिटाला ७५ बीट्स), सगळं मिळून ६५ बार. गिटार, कीबोर्ड आणि आवाज माझाच. व्हिडिओही एकटीनेच करायचा आहे. सामान: एक बरा फोन, गाणं वाजवायला दुसरा जुना फोन, ट्रायपॉड, दोन एलईडी पॅनल, स्पीकर, एक रिकामा माइक स्टँड. माइक स्टँड कशाला, ते पुढे येईल.

पहिला निर्णय फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची याचा. फोन मुळात ३० वर असतो, सिनेमावाले २४ म्हणतात. मी २५ घेतला, तो निव्वळ हिशोबापोटी. ७५ च्या ठेक्यात एक बीट ०.८ सेकंदाचा, म्हणजे २५ च्या दराने बरोबर २० फ्रेम्स आणि चार बीट्सचा बार ८० फ्रेम्सचा. २४ वर हाच बीट १९.२ फ्रेम्सचा पडतो. मग बीटवर कट मारताना तो दर वेळी थोडा अलीकडे नाहीतर पलीकडे ढकलावा लागतो. तुमचं गाणं १२० बीपीएमचं असेल तर २४ छान बसतो, बीटला १२ फ्रेम्स. गाणं संपल्यावर हा भागाकार एकदा करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

एका शीटवर ६५ ओळी केल्या, प्रत्येक बारला एक. रकाने: शब्द, मी कुठे आहे, काय हलतंय, आणि शेवटचा रकाना ‘अवघड काय’. त्या शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट लिहायची मुभा आहे. ओठ जुळवायचे असतील तर चालायचं नाही. चालायचं असेल तर फोकस बदलणार नाही इतपतच. दोन अवघड गोष्टी एका शॉटमध्ये आल्या की तो शॉट दोन माणसांचा झाला, आणि माणूस इथे एकच आहे.

११ जानेवारी

दिवसभर प्लेबॅकची फाइल. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे सगळे दिवस हिच्यावरच उभे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसतं गाणं लावून कॅमेरा सुरू केला की जागेवर पोचेपर्यंत पहिली ओळ निघून जाते. म्हणून गाण्याचे तुकडे पाडले: मुखडा, पहिला अंतरा, दुसरा अंतरा, मधलं संगीत, शेवट. प्रत्येक तुकड्याआधी माझ्याच आवाजात नाव (‘दुसरा अंतरा’), मग जागेवर जायला दहा सेकंद शांतता, मग चार ठोके, मग तुकडा. तुकडा संपला की पुन्हा शांतता आणि पुन्हा तोच तुकडा, असं चार वेळा. कॅमेरा एकदाच सुरू करायचा आणि चारही टेक एका दमात द्यायचे. मध्ये फोनला हात लावायचा नाही.

चार ठोके मेट्रोनोमचे ठेवले होते, ते काढून लाकडाच्या टकटकीसारखा कोरडा आवाज घातला. एडिटमध्ये वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) तो सुईसारखा उभा दिसतो.

१४ जानेवारी

चाचणी. फोनच्या मूळ कॅमेऱ्यावर अख्खं गाणं एका टेकमध्ये घेतलं आणि एडिटरमध्ये (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) मास्टरखाली लावलं. सुरुवातीला ओठ बरोबर, दुसऱ्या अंतऱ्यात संशय, शेवटी उघड उघड मागे.

कारण व्हेरिएबल फ्रेम रेट. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की कॅमेरा गुपचूप फ्रेम्स कमीजास्त करतो. फोनवर बघताना काही जाणवत नाही, पण एडिटर ठरावीक दर धरून चालतो आणि चित्र हळूहळू सरकतं. क्लिप पुढेमागे करून हे सुटत नाही, कारण चूक सगळीकडे सारखी नसते. झालेलं फुटेज वाचवायचं तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल पुन्हा बनवायची, एडिटरमध्ये नेण्याआधीच. मी ती चाचणी तशी दुरुस्त केली. पण शूटसाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप घेतलं. त्यात फ्रेम रेट, शटर, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील), व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) आणि फोकस सगळं हाताने बांधून ठेवता येतं.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद. एक तर तो २५ फ्रेम्सच्या दुप्पट, त्यामुळे हालचाल डोळ्याला सवयीची दिसते. दुसरं म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि १/५० मध्ये ते चढउतार पूर्ण बसतात, म्हणून पट्टे येत नाहीत. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०.

एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला पकडणारा मोड) बंद केलं. चालू होतं तेव्हा साध्या टाइमलाइनवर चेहरा राख फासल्यासारखा फिका येत होता.

१८ जानेवारी

घरातला पहिला दिवस, मुखडा. फोनचा मागचा कॅमेरा चांगला, पण त्याने शूट करताना स्वतःला बघता येत नाही. पुढच्या कॅमेऱ्यात बघता येतं, पण मग डोळे सारखे स्क्रीनवरच्या स्वतःकडे जातात आणि तसं गाणं विकणाऱ्या जाहिरातीसारखं दिसतं. मागचाच घेतला.

फोकससाठी माइक स्टँड. जिथे उभी राहणार तिथे स्टँड ठेवला, माइकच्या उंचीवर छापील मजकुराचा कागद लावला, अक्षरं धारदार दिसेपर्यंत फोकस केला आणि लॉक केला. स्टँडच्या पायाशी जमिनीवर टेप, स्टँड बाजूला, टेपवर मी. ऑटोफोकसवर सोडलं असतं तर हात पुढे आला की कॅमेरा हाताकडे धावतो आणि चेहऱ्यावर परत यायला वेळ लावतो. नेमका तोच टेक चांगला असतो.

गाताना नुसते ओठ हलवले तर कळतं. गळ्याच्या शिरा, छातीचा श्वास, ओळ संपताना खांदे खाली येणं, यांतलं काहीच होत नाही. त्यामुळे पूर्ण आवाज लावून गायचं. त्याची किंमत अशी की फोनवर रेकॉर्ड झालेल्या आवाजात मास्टरपेक्षा मीच जास्त ऐकू येते आणि एडिटरचं आपोआप जुळवणं गोंधळतं. त्यासाठीच ते चार ठोके. ते वाजताना मी गप्प असते.

१९ जानेवारी

घसा बसला. सुट्टी.

२३ जानेवारी

मधल्या संगीताचा शॉट: डावीकडे कीबोर्डवर मी, उजवीकडे गिटार घेऊन मी, एकाच फ्रेममध्ये. युक्ती जुनी आहे. कॅमेरा हलवायचा नाही, दोनदा शूट करायचं, एडिटमध्ये एका टेकचा डावा भाग आणि दुसऱ्याचा उजवा भाग घ्यायचा. सांगायला हे एवढंच. आख्खा दिवस यात गेला.

आधी खिडकीचा उजेड. कीबोर्डचा टेक घेतला, गिटार सुरात लावली, कपडे बदलले, दुसरा टेक घेतला. तेवढ्यात ऊन सरकलं होतं. दोन्ही टेक जोडले तर मागच्या भिंतीवर मधोमध उभी रेघ: एका बाजूला भिंत पिवळसर, दुसरीकडे निळसर. रंग जुळवायचा प्रयत्न केला. मध्यभाग जुळला तर कडा बिघडतात, कारण ऊन नुसतं कमी होत नाही, त्याची दिशाही बदलते. शेवटी खिडकीवर जाड पांघरूण लावलं आणि दोन्ही पॅनलवर सगळं नव्याने घेतलं.

मग सावली. उजवीकडच्या ‘मी’ची सावली जोडावरून डावीकडे जात होती आणि जोडावर सुरीने कापल्यासारखी संपत होती. पॅनल वर उचलून खाली झुकवला, सावली पायाशी आली. शिवाय जोड सरळ रेषेतच हवा असं काही नाही. मी तो पुस्तकांच्या कपाटाच्या कडेने खाली आणला, कारण तिथे आधीच एक रेघ होती.

नजर राहिली. दोघींनी एकमेकींकडे बघायचं आहे, आणि समोर तर कोणी नाही. माइक स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला टेपचा तुकडा लावला आणि दुसरी ‘मी’ जिथे असणार तिथे उभा केला. स्टँड फ्रेममध्ये दिसतो, पण त्या टेकचा तो अर्धा भाग फेकायचाच आहे. एक बसलेली आणि एक उभी असल्यामुळे उंची दर टेकला बदलावी लागली. आधी ती बदलली नव्हती, तेव्हा कीबोर्डवाली गिटारवालीच्या पोटाशी बोलत होती.

अशा शॉटमध्ये रेकॉर्डचं बटणही फोनवर दाबायचं नाही. बोटाचा धक्का लागून फ्रेम किंचित जरी सरकली तरी कपाटाची कड जोडावर तुटते. ब्लूटूथ रिमोट वापरला. या प्रकल्पात मोजलेल्या पैशांपैकी सगळ्यात सार्थकी लागलेले तेच. उलट एका मित्राने आग्रहाने दिलेला गिंबल (हलताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) न वापरता परत केला. तो धरायला कोणीतरी लागतंच.

२६ जानेवारी

बाहेर, मोकळ्या मैदानात. लांबचा शॉट, कॅमेऱ्यापासून मी साधारण १५ मीटरवर. स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवला होता, रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून. घरी येऊन ठोक्यांवर जुळवलं आणि तरी ओठ उशिरा.

कारण आवाजाचा वेग. हवेत तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १५ मीटरला ४४ मिलिसेकंद. २५ च्या दराने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. फोनने ठोका लगेच ऐकला, मी तो एक फ्रेम उशिरा ऐकला आणि त्यावर गायले. स्पीकर माझ्या पायाशी ठेवला तर उलट होतं: मी वेळेवर, फोन उशिरा ऐकतो, आणि जुळवल्यावर ओठ एक फ्रेम आधी हलतात. स्पीकर दोघांपासून सारख्या अंतरावर असेल तर चूक शून्य, पण तेवढ्या लांबून वाऱ्यात मला ऐकू येत नाही.

पुढच्या वेळी स्पीकर माझ्याजवळ, फ्रेमच्या बाहेर. कारण चित्राच्या मागून आवाज आलेला माणसाला फारसा खटकत नाही (दूर वाजणारं सगळं तसंच ऐकू येतं), आवाज चित्राच्या आधी आला की मात्र चटकन कळतं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत हे आकडे आहेत: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो, उशिरा असेल तर साधारण १२५ पर्यंत चालून जातं. आजचे टेक फेकले नाहीत. लांबच्या शॉटच्या क्लिप एक फ्रेम अलीकडे ओढल्या आणि प्रश्न मिटला. जवळच्या शॉटला हे करायची गरज नाही.

बाहेरचा दुसरा प्रश्न शटरचा. उन्हात १/५० वर सगळं पांढरंफटक. शटर वेगवान केला तर केस उडताना तुटक दिसतात. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लागतोच, तो क्लिपवाला घेतला. ढग येत-जात असतील तर मात्र त्या दिवशी जाऊ नये, एक्सपोजर लॉक आहे आणि कॅमेऱ्यामागे लक्ष ठेवायला कोणी नाही.

१ फेब्रुवारी

स्लो मोशन, पण ओठ गाण्याशी जुळलेले. गाणं वेगात वाजवायचं, तितक्याच जास्त फ्रेम्सवर शूट करायचं, मग २५ वर आणायचं. ५० फ्रेम्सवर शूट केलं तर गाणं दुप्पट, म्हणजे १५० बीपीएम. शब्द तोंडात मावत नाहीत. ‘क्ष’ आणि ‘त्र’ असलेल्या ओळींचा पार भुगा होतो. फक्त शेवटच्या लांब आलापाला ते चाललं.

बाकीच्यासाठी ३० फ्रेम्स आणि गाणं १२० टक्के, म्हणजे ९० बीपीएम. हा वेग गाता येतो. २५ वर आणल्यावर चाल जेमतेम एक षष्ठांश मंद होते. बघणाऱ्याला स्लो मोशन आहे हेही कळत नाही, फक्त अंग जड झाल्यासारखं, पाण्यात असल्यासारखं वाटतं. मला तेच हवं होतं. घरात ३० वरही शटर १/५० च ठेवला, दिव्यांमुळे.

वेग वाढवताना पट्टी मूळचीच ठेवली. पट्टीही वर जाऊ दिली तर ती तीन सेमीटोनहून थोडी जास्त चढते, आणि तेवढ्या वर गाताना मान आवळलेली दिसते.

८ फेब्रुवारी

एडिट सुरू. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, टाइमलाइन १०८०, फुटेज ४के. आधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) केल्या, नाहीतर लॅपटॉप श्वासच घेत नाही. फुटेज सेकंदाला १०० मेगाबिटवर घेतलं आहे, म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. शूटला निघण्याआधी हा गुणाकार करा. मैदानात फोन भरला तेव्हा जुने फोटो पुसत बसावं लागलं.

सगळे टेक एकाखाली एक, गाण्याच्या लांबीत लावले आणि वरून कापत गेले. पहिल्या कच्च्या एडिटमध्ये प्रत्येक कट समेवर होता. बघताना कवायत वाटली. बरेचसे कट दोन-तीन फ्रेम्स आधी ओढले, काही ओळीच्या मध्यावर नेले, आणि दुसऱ्या अंतऱ्यात एक शॉट सलग आठ बार तसाच सोडला. कॅमेरा स्थिर आहे, पण ४के असल्यामुळे चित्र न फाटता दुप्पट मोठं करता येतं. त्या आठ बारमध्ये, म्हणजे ६४० फ्रेम्समध्ये, १०० वरून ११२ टक्क्यांवर हळूच आत गेले. गिंबलची आठवण आली नाही.

गिटारच्या एका जवळच्या शॉटमध्ये कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावलेलाच नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो दुसऱ्या फ्रेटवर होता. सर्वसाधारण प्रेक्षकाला काय त्याचं, पण हा व्हिडिओ बघणार कोण, तर निम्मे गिटारवालेच. शॉट कापून उजव्या हातापुरता ठेवला.

१५ फेब्रुवारी

ग्रेडिंगमध्ये (रंग जुळवण्यात) फार काही नाही. घरातलं थंड, बाहेरचं उबदार, त्वचा दोन्हीकडे एकाच माणसाची वाटावी एवढंच.

रेंडर करून खासगी लिंकवर टाकलं तेव्हा क्लोन शॉटमागच्या (दोन ‘मी’ असलेल्या) भिंतीवर जिन्यासारखे पट्टे. गडद, सपाट भिंतीवर उजेड हळूहळू कमी होतो तिथे कॉम्प्रेशन नेहमी असंच करतं. अगदी थोडा ग्रेन (दाणेदारपणा) घातला, भिंतीपुरताच. सगळ्या फ्रेमवर घातला तर बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) ग्रेनच खातो आणि चेहरा मऊ पडतो. शिवाय फाइल १०८० ऐवजी २१६० (४के) करून ४५ मेगाबिटवर काढली. यूट्यूब ४के फाइलला जास्त बिटरेट देतो, त्याचा फायदा १०८० चं स्रोत असलं तरी मिळतो. पट्टे पूर्ण गेले नाहीत, मोबाइलवर दिसत नाहीत इतके कमी झाले. यापुढे मागे सपाट भिंत नको.

आवाज एडिटरच्या निर्यातीवर सोडला नाही. ४८ किलोहर्ट्झची मास्टर फाइल बसवली. यूट्यूब -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आसपास मोठा आवाज खाली आणतो, लहान आवाज वर नेत नाही.

२० फेब्रुवारी

व्हिडिओ टाकला आणि थोड्याच वेळात त्यावर कॉपीराइट दावा. दावा माझ्याच गाण्याचा, माझ्याच वतीने. गाणं स्ट्रीमिंगवर पाठवताना वितरकाकडे कंटेंट आयडीचा (यूट्यूबवर गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय चालू केला होता, त्यामुळे ते गाणं जिथे सापडेल तिथे यंत्रणा दावा ठोकते. चॅनेल कोणाचं आहे हे तिला माहीत नसतं. तक्रार यूट्यूबकडे करायची नाही; वितरकाला चॅनेलची लिंक देऊन ते सूट यादीत घालायला सांगायचं, आणि तेही व्हिडिओ टाकण्याआधी. उत्तराची वाट बघण्यात प्रकाशनाचे पहिले दिवस गेले.

उभी आवृत्ती. यूट्यूबचे शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण मी मुखडाच घेतला. आडव्यातला मधला भाग कापला की क्लोन शॉटमध्ये दोन्ही ‘मी’ बाहेर आणि मध्ये कपाट. तिथे दोघींना एकमेकींवर रचलं, कीबोर्ड वर, गिटार खाली. नजरा मात्र चुकल्या, दोघी फ्रेमबाहेर बघतात. पुढच्या वेळी उभ्यासाठी वेगळा टेक.

स्पॉटिफायच्या कॅनव्हासला (गाणं वाजताना दिसणाऱ्या छोट्या व्हिडिओला) ३ ते ८ सेकंदांचं उभं लूप लागतं. माझे दोन बार ६.४ सेकंदांचे, लांबी आयती बसली. पण कॅनव्हास गाण्याशी जुळून चालत नाही, नुसता फिरत राहतो, त्यामुळे ओठ किंवा वाजवणारी बोटं असलेला कुठलाच शॉट घेता आला नाही. मैदानातला पाठमोरा शॉट लावला.

२४ फेब्रुवारी

दावा उठला. प्रॉक्सी पुसल्या, मूळ टेक आणि प्रोजेक्ट फाइल दोन डिस्कवर ठेवल्या. प्लेबॅकच्या फाइलची कोरी प्रतही ठेवली आहे: नाव, दहा सेकंद, चार ठोके. पुढचं गाणं ९६ बीपीएमचं आहे. २४ वर बीटला बरोबर १५ फ्रेम्स, ३० वर स्लो मोशनसाठी १२५ टक्के, म्हणजे १२० बीपीएम. शब्द भरपूर आहेत, आधी गाऊन बघावं लागेल.